नौकेतील संथ इंधनभरण

नौकेतील संथ इंधनभरण म्हणजे सहलीच्या किंवा क्रीडेच्या मोटारनौकेच्या टाकीत इंधन अपेक्षित वेगाने न जाणे, पंपाचे नोझल पुन्हा पुन्हा आपोआप बंद होणे किंवा भरणतोंडातून इंधन उसळून बाहेर येणे होय. हा दोष प्रामुख्याने डेकखाली कायम बसवलेल्या टाक्यांमध्ये आढळतो. त्याचे मूळ बहुधा पंपात नसून टाकीतील हवा बाहेर पडण्याच्या मार्गात असते.

रचना व कार्य

टाकीला दोन मुख्य नळ्या जोडलेल्या असतात. भरणनळीतून इंधन आत येते आणि हवानळीतून आतील हवा व इंधनाची वाफ नौकेच्या बाहेरील बाजूस जाते. मिनिटाला ४० लिटर इंधन आत यायचे असेल, तर तेवढ्याच वेळात सुमारे ४० लिटर हवा बाहेर पडावी लागते. अमेरिकी नौकांत भरणनळीचा आतील व्यास सामान्यतः दीड इंच (३८ मिमी), तर हवानळीचा पाच-अष्टमांश इंच (१६ मिमी) असतो. म्हणजे हवेचा मार्ग क्षेत्रफळाने सुमारे साडेपाच पट लहान असतो. त्यामुळे त्यातील किरकोळ अडथळाही भरण मंदावण्यास पुरेसा ठरतो.

हवा कोंडली की इंधन भरणनळीत तुंबून वर चढते. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. ते इंधनाने झाकले गेले की नोझलच्या आत निर्वात निर्माण होऊन झडप मिटते. त्यामुळे टाकी अर्धी रिकामी असतानाही ती भरल्यासारखे वाटते.

कारणे

- हवानळीच्या बाहेरील तोंडाशी मीठ, मेण किंवा रंग साचणे; कोळ्यांची जाळी अथवा कुंभारीण माश्यांची मातीची घरटी.
- हवानळी दुमडणे किंवा मध्येच खाली झोळ पडून त्यात इंधन साठणे.
- भरणनळीला पुरेसा उतार नसणे किंवा जुन्या नळीचे आतील अस्तर सुटून मार्ग अरुंद होणे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या रबरी नळ्यांची झीज अधिक होते.
- नौका किंवा तिचा ट्रेलर कललेला असणे. टाकीची हवानळीकडील बाजू खाली गेल्यास टाकी भरण्यापूर्वीच हवेचे तोंड इंधनाखाली जाते.
- बाष्प शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव इंधन शिरणे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये केलेल्या बाष्प-उत्सर्जन नियमांनंतर नव्या पेट्रोल नौकांत असे डबे आढळू लागले. टाकी काठोकाठ भरण्याची सवय त्यांना घातक ठरते.

दोषाचा शोध

तपासणी सोप्या गोष्टींपासून सुरू केली जाते. नोझल फिरवून किंवा कमी वेगाने भरून फरक पडतो का, हे प्रथम पाहतात. इंजिन काही काळ चालल्यानंतर भरणतोंडाचे झाकण उघडताना हवा आत ओढली जात असल्यास हवानळी बंद असण्याची शक्यता मोठी असते. अशा स्थितीत टाकीत निर्वात निर्माण होऊन इंजिनालाही इंधन कमी पडू शकते. त्यानंतर हवानळीचे बाहेरील तोंड आणि तिचा संपूर्ण मार्ग तपासला जातो.

उपाय

हवानळीचे तोंड स्वच्छ करणे हा पहिला उपाय होय. अडथळा नळीत असल्यास ती टाकीपासून सोडवून मोकळी करतात किंवा बदलतात. नळी जोडलेली असताना टाकीच्या दिशेने दाबाची हवा सोडणे धोकादायक असते, कारण नौकेच्या टाक्या अल्प दाबासाठीच बनवलेल्या असतात. हवानळी टाकीपासून वर सतत चढती आणि भरणनळी टाकीकडे सतत उतरती असावी. नवी नळी सागरी इंधनवापरासाठी प्रमाणित असावी आणि भरणनळीच्या प्रत्येक टोकाला धातूच्या दोन पट्ट्या आवळाव्यात. मूळ रचनाच अपुरी असल्यास अधिक व्यासाची हवानळी बसवतात.

काही वेळा वेग वाढवण्यासाठी हवानळीच्या तोंडाची जाळी काढून टाकली जाते. पेट्रोल नौकेत ही जाळी बाहेरची ज्वाला टाकीत शिरू न देण्याचे काम करत असल्याने ती काढणे धोक्याचे असते.

सुरक्षितता व पर्यावरण

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून नळी सोडवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी तोडणे व जागा हवेशीर ठेवणे आवश्यक असते. इंधन भरताना इंजिन बंद असावे, प्रवाशांना उतरवावे आणि भरल्यावर तळातील पंखा चालवून, वास घेऊनच इंजिन सुरू करावे. उसळलेले इंधन थेट पाण्यात जाते. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यानुसार पाण्यावर तवंग उमटेल एवढे इंधन सांडण्यास मनाई आहे. त्यामुळे संथ भरणाचा दोष वेळेवर दूर करणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.