ऊसतोडीचे बैल आणि सातासमुद्रापारची मदत

धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी आणि कळंब या तालुक्यांत पावसाचा भरवसा नाही. दिवाळी सरली की या भागातली अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्याबरोबर बैलही निघतात. पुढचे चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत टायरगाडी ओढणे हेच त्यांचे काम. बैलजोडी पुष्कळदा उचलीच्याच पैशांतून घेतलेली असते. बैल लंगडला की खेप बुडते, खेप बुडली की उचल फिटत नाही, आणि म्हणून लंगडता बैलही जुवाखाली जातो. परदेशातून जनावरांसाठी येणारी मदत या भागात उपयोगी पडायची असेल, तर तिची सुरुवात या हिशेबापासून व्हायला हवी.

खांदा, खूर आणि वैरण

ओढकाम करणाऱ्या बैलाचे दुखणे प्रथम खांद्यावर दिसते. दुचाकी गाडीत ऊस पुढच्या बाजूला जास्त रचला गेला तर त्याचा भार जुवातून थेट मानेवर येतो. मागे जास्त झाला तर गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाऊन जोते गळ्याला काचते. रोजच्या घासण्याने कातडी सुजते, मग सोलते. त्याच जागी पुन्हा जू बसत राहिले की सूज घट्ट होऊन आवाळू धरते. त्यावर मुख्य उपचार विश्रांतीचा, आणि हंगामात नेमकी तीच मिळत नाही. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये दोन बैलांच्या मध्ये गाडीला आधार देणारे फिरते चाक बसवून दाखवले. मानेवरचा भार कमी करण्याचा तो साधा उपाय होता.

दुसरे दुखणे खुरांचे. डांबरी रस्त्यावर खूर झिजतो, म्हणून पत्री मारावी लागते. पत्री वेडीवाकडी बसली किंवा खिळा आतल्या मांसल भागात गेला तर बैल पाय टेकत नाही. तिसरा प्रश्न वैरणीचा. हंगामात बैलांची भिस्त उसाच्या वाढ्यांवर असते. वाढ्यांत ऑक्झलेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडून किंवा खनिज मिश्रण देऊन ही तूट भरून काढता येते. वेसणीने चिरलेली नाकपुडी आणि पराणीच्या टोचणीच्या जखमा या त्यात भर घालतात.

यातले बरेचसे हाल थोड्या पैशांत टळण्यासारखे आहेत. जंतुनाशक मलम, चांगला नालबंद, खनिज मिश्रण आणि वेळेवर पोहोचणारा पशुवैद्यक एवढी त्यासाठीची सामग्री. अडचण सातत्याची असते, कारण ऊसतोड कामगारांचा तळ दर हंगामाला बदलतो आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना एका जागी असतो.

कायदा काय सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. त्याखालील १९६५ च्या नियमांत बैलाचे वजन आणि गाडीची चाके पाहून ओझ्याच्या मर्यादा ठरवल्या आहेत. पाठीवर वाहून नेण्यासाठी गाढवाची मर्यादा ५० किलो आहे. जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर जात असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत त्याला कामाला जुंपण्यास मनाई आहे. अणकुचीदार काठीलाही बंदी आहे. मार्च महिन्यातले ऊन पाहता दुपारचा नियम हंगामाच्या शेवटी अनेकदा लागू पडावा. मात्र मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपयेच आहे. जनावराला ठार मारणे किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे अपेक्षित आहे.

२०१५ पासून राज्यात गायींबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलाचे काय करायचे, हा प्रश्न मालकाच्या दावणीला किंवा गोशाळेच्या दारात येतो. देशी गायींसाठी गोशाळांना दररोज प्रति गाय ५० रुपये देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीची तरतूद बहुतांशी लोकांच्या देणगीवरच राहते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना भाकड आणि टाकून दिलेली जनावरे सांभाळण्याच्या कामासाठी २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. अवर्षणाच्या मुलखात हे काम एका घराच्या जिवावर कसे उभे राहते, याचे ते उदाहरण आहे.

परक्या मुलखातील जनावरांसाठी

दूरदेशीच्या कामकरी जनावरांसाठी पैसा उभारण्याची परंपरा ब्रिटनमध्ये शंभर वर्षांची आहे. केट आणि नीना होसाली या मायलेकींनी उत्तर आफ्रिकेतील जनावरांसाठी १९२३ मध्ये ‘स्पाना’ ही संस्था काढली. डोरोथी ब्रुक १९३० मध्ये कैरोला गेल्या, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर विकले गेलेले ब्रिटिश सैन्याचे घोडे त्यांना तिथे गाड्या ओढताना दिसले. त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये पत्र लिहिले आणि वाचकांनी पैसे पाठवले. आलेल्या पैशांतून घोडे विकत घेतले गेले. बहुतेक इतके खंगले होते की त्यांना वेदनारहित मरण देणेच हाती उरले. १९३४ मध्ये ब्रुकबाईंनी कैरोत कायमचे इस्पितळ उघडले. जनावर विकत घेऊन सोडवले की मालक त्याच पैशांत दुसरे आणतो. इस्पितळ मात्र मालकाकडे असलेल्या जनावरालाही उपयोगी पडते. पुढे ‘ब्रुक’ ही मोठी आंतरराष्ट्रीय संस्था झाली आणि भारतातही घोडे, खेचरे, गाढवे यांच्यासाठी काम करू लागली.

भारतात असे काम रुजवणाऱ्यांत क्रिस्टल रॉजर्स या ब्रिटिश बाईंचे नाव ठळक आहे. जयपूरची ‘हेल्प इन सफरिंग’ १९८० मध्ये आणि बंगळूरची ‘कुपा’ १९९१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. दोन्ही संस्था त्यांच्या पश्चातही चालू राहिल्या.

सांगली-सोलापूरचा दाखला

धाराशिवच्या सर्वांत जवळचे उदाहरण ‘ॲनिमल राहत’ या संस्थेचे आहे. ‘पेटा’च्या संस्थापक इन्ग्रिड न्यूकर्क यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये सुरू झालेली ही संस्था सांगली, सोलापूर आणि लगतच्या साखरपट्ट्यात काम करते. तिचे पशुवैद्यक कारखान्यांच्या परिसरातील बैलांवर मोफत उपचार करतात, वेसणीऐवजी म्होरकी वापरायला सांगतात आणि काटेरी साधने काढून घेतात. थकलेल्या बैलांसाठी आश्रयस्थान चालवणे, तसेच वाहतुकीसाठी बैल आणि वीटभट्टीवर गाढवे यांच्याऐवजी ट्रॅक्टर यावा म्हणून प्रयत्न करणे हाही कामाचा भाग आहे.

‘पेटा’चे नाव ग्रामीण महाराष्ट्रात वादाचे आहे. ‘पेटा’ने विरोध केलेल्या बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. राज्याने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. या काळात परदेशी पैसा म्हणजे आपल्या बैलांवर गदा, अशी भावना अनेक गावांत बळावली. जनमत ढवळणारी मोहीम आणि तळावर मलमपट्टी करणारी सेवा ही कामे वेगळी आहेत, आणि देणगीदाराने आपला पैसा कशासाठी जातो हे आधीच विचारून घ्यावे. कोल्हापूरजवळच्या जोतिबा देवस्थानचा ‘सुंदर’ हत्ती २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला, तेव्हा जगभराचे लक्ष वेधले गेले. नाव आणि चेहरा असलेल्या एका जनावरासाठी मदत लवकर जमते. तळावरच्या निनावी बैलांसाठी ती मुद्दाम उभी करावी लागते.

पैशाची वाट

परदेशातून भारतीय संस्थेला पैसा देण्यावर परकीय योगदान नियमन कायद्याचे बंधन आहे. नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षे पूर्ण झालेली आणि गेल्या तीन वर्षांत तिने मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नोंदणी पाच वर्षांची असते. नव्या संस्थेला ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर सगळा परकीय निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या अटीचा फटका छोट्या संस्थांना बसतो. मुंबईतील नोंदणीकृत संस्थेला कळंबच्या गोशाळेकडे परदेशी पैसा वळवता येत नाही. काम करायचे तर तिने स्वतः कळंबला यावे. संस्थेला परदेशातून पाठवलेली उपकरणेही योगदानातच मोजली जातात.

परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी एक भेद महत्त्वाचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. तीच व्यक्ती अमेरिकेची किंवा ब्रिटनची नागरिक झाली की ओसीआय कार्ड असूनही तिची देणगी परकीय ठरते. करसवलतीचेही तसेच. भारतातील ८०जीची पावती भारतातल्या आयकरापुरती चालते. ब्रिटनच्या ‘गिफ्ट एड’मध्ये सरकार एका पौंडामागे २५ पेन्सची भर घालते, पण देणगी त्या योजनेस पात्र संस्थेला दिलेली असावी लागते. म्हणून अनेक भारतीय संस्थांच्या मित्रसंस्था परदेशात नोंदलेल्या असतात.

देण्यापूर्वी

छोटी संस्था पारखताना धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि परकीय निधी घेत असल्यास त्याचे वार्षिक विवरण पाहावे. त्यापुढचे प्रश्न कामाचे: पशुवैद्यक पगारी आहे की केवळ शिबिरापुरता, उपचारांची नोंदवही आहे का, बरे झालेले जनावर कुठे जाते, जागेच्या मानाने किती जनावरे ठेवली आहेत. क्षमतेबाहेर जनावरे घेणारी गोशाळा चाऱ्याच्या टंचाईत स्वतःच उपासमारीची जागा बनते. २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे लक्षात घेता संस्थेकडे उन्हाळ्यापुरता वैरणीचा साठा आहे का, हेही विचारावे.

एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेतून शेड उभी राहते किंवा गाडी येते. पशुवैद्यकाचा पगार, औषधे आणि इंधन मात्र दर महिन्याला लागतात, आणि छोट्या संस्था बहुधा तिथेच अडतात. ऊसतोडीच्या बैलांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांचा खर्च आधीच बांधून दिला, तर फिरता पशुवैद्यक तळांबरोबर हलू शकतो. राज्यातल्या देणगीदाराला परकीय निधीचा कायदा आड येत नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या आणि नफ्याच्या निकषात बसणाऱ्या खासगी साखर कारखान्यांना सामाजिक दायित्वाचा निधी प्राणिकल्याणावर खर्च करण्याची मुभा आहे, आणि ज्या बैलांनी ऊस गव्हाणीपर्यंत आणला त्यांच्यावर तो खर्च व्हावा, ही मागणी ऊसतोड कामगारांना आणि भागधारकांना करता येते.