चरबी जळते म्हणजे नेमके काय होते? भरतीच्या तरुणांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही

पोलीस भरतीचे वारे सुटले की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मैदानांवर पहाटे पाचलाच पोरे धावताना दिसतात. त्यात आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली भरपूर असतात. अशाच तयारीत आमच्या ओळखीचा एक तरुण १६०० मीटर धावताना चक्कर येऊन पडला. चौकशी केली तेव्हा कळले, चार दिवस तो लिंबूपाणी आणि केळ्यांवर होता. पोटाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता. घरी 'फॅट बर्नर' पावडरचा डबा होता आणि त्याचे पैसे आईने मजुरीच्या उचलीतून दिले होते. म्हणून हा विषय समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

चरबी जाते कुठे?

गरजेपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली की शरीर ती चरबीच्या रूपात साठवते. खाणे खर्चापेक्षा कमी पडले की रक्तातले इन्सुलिन उतरते, साठलेली चरबी फुटते आणि तिचे घटक स्नायूंमध्ये ऑक्सिजनच्या मदतीने जळतात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१४ साली याचा हिशेब मांडला. १० किलो चरबी जळाली तर त्यातली ८.४ किलो श्वासावाटे बाहेर जाते आणि १.६ किलोचे पाणी होते.

म्हणजे घाम ही वितळलेली चरबी नव्हे. प्लॅस्टिक गुंडाळून जे वजन उतरते ते पाण्याचे असते, तांब्याभर पाणी प्यायले की परत येते. उन्हात असे धावणे जिवावर बेतू शकते. तसेच नुसते पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, ती सगळ्या शरीरातून हळूहळू उतरते.

ताटाचा आणि मैदानाचा हिशेब

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. ७० किलोचा माणूस १६०० मीटर धावला तर जेमतेम ११० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक किलो चरबीसाठी असे ७० राउंड! उलट एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि तो पाच मिनिटांत संपतो. म्हणून वजन उतरवण्यात ताटाचा वाटा मोठा असतो. रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो चरबी उतरते. यापेक्षा घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि मैदानावर पाय लटपटतात.

मग व्यायाम कशाला? व्यायामाने स्नायू टिकतात, इन्सुलिन नीट काम करते आणि उतरलेले वजन पुन्हा चढत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस जोर-बैठका एवढे बहुतेकांना पुरेसे आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

बारीक माणूस निरोगीच असतो का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासातही कमी वजनाच्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आढळली. गर्भारपणातल्या आईच्या कुपोषणाशी याचा संबंध जोडला जातो. ज्यांच्या आया-आज्या अर्धपोटी राबल्या, त्या समाजाने हे गांभीर्याने घ्यायला हवे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते, हे आपण जाणतोच.

म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेला टेप लावा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा.

ताट कोण ठरवते?

'कमी खा' म्हणणे सोपे आहे. पण ताट एकटा माणूस ठरवत नाही. कर्जत-जामखेडकडची ज्वारीची भाकरी, हुलगा, मटकी मागे पडली. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळाला. मजुरीच्या धबडग्यात गोड चहा आणि बिस्किटावर दुपार निघते. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिने कमी झाली. त्यामुळे लठ्ठपणाला केवळ आळस म्हणणे हा अन्याय आहे.

तरीही हाताशी पर्याय आहेत. भाकरी, उसळ, अंडी, सुकट, शेंगदाणे, पालेभाजी. साखर आणि तळण कमी. पावडरच्या डब्यापेक्षा अंड्यांचा ट्रे कितीतरी स्वस्त पडतो.

राजा पसेनदीची आठवण

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत असे. तथागतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही, तर भोजनात मात्रा ओळखायला सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला जेवताना रोज तो उपदेश म्हणून दाखवायला नेमले. हळूहळू तो नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. यातला 'हळूहळू' हा शब्द आणि आठवण करून देणारा सोबती, दोन्ही महत्त्वाचे आहेत.

याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या अल्पशिक्षित, अनेकदा दलित स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. आरोग्याचे ज्ञान वस्तीतल्या माणसाच्या हाती सुरक्षित राहते, हे त्यांनी दाखवून दिले. मग आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक टेप, एक वजनकाटा आणि अर्ध्या तासाची सामूहिक चाल का सुरू होऊ नये? मधुमेहाची किंवा हृदयाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.

तो तरुण आता सकाळी दोन अंडी आणि भाकरी खाऊन सरावाला येतो. डबा परत आणलेला नाही. मित्रांनो, सुरुवात आपल्या घरापासून करा आणि आईलाही सोबत चालायला न्या.