टेबल कोणाचं, बिल कोणाचं?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, "सर, मित्रांबरोबर हॉटेलात जेवायला जायचं, त्यात तत्त्वज्ञान ते काय?" प्रश्न रास्त आहे. पण जी गोष्ट आपण सहज करतो, तिच्यामागे काय काय उभं आहे हे तपासणं, हेच तर आमच्या विषयाचं काम. म्हणून आज आपण तीन प्रश्न घेऊ. या टेबलाशी बसायचा हक्क आपल्याला मिळाला कुठून? एकत्र जेवल्यानं माणसं जवळ येतात, म्हणजे नेमकं काय होतं? आणि शेवटी बिल येतं, तेव्हा मैत्रीचं काय होतं? तिसरा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण सगळ्यांत अवघड तोच आहे.

आधी आपलं नागपूर पाहू. सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ उभ्यानं तर्री-पोहे खायचे. दुपारी सावजी भोजनालयात घाम पुसत रस्सा ओरपायचा. हा रस्सा मूळचा हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा. एका समाजाच्या चुलीवरचं जेवण पुढे साऱ्या शहराचं झालं. आणि संध्याकाळी नातवंडांच्या आग्रहावरून धरमपेठेत किंवा सदरमध्ये कोरियन नूडल्सचा वाडगा पुढ्यात घ्यायचा. या तिन्ही ठिकाणी आपण एक गोष्ट विचारत नाही. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय? आत रांधतंय कोण? हे न विचारणं आपल्याला आता स्वाभाविक वाटतं. पण ते फुकट मिळालेलं नाही.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे होते, टिळक होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. बाकी काही नाही, फक्त चहा. पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि मोठं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या न्यायमूर्तींना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपाची किंमत ही होती. आणि लक्षात घ्या, ही किंमत वरच्या पायरीवरच्या माणसांनी मोजली. खालच्या पायरीवर ज्यांना ढकललं होतं, त्यांचा हिशोब याहून फार कडू आहे.

१९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळल्यावर लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. तेच आंबेडकर ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी नागपुरात आले, तेव्हा उतरले ते सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात. या दोन मुक्कामांमध्ये एकोणचाळीस वर्षं आहेत, आणि मध्ये राज्यघटना आहे. घटनेचं पंधरावं कलम काढून वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुणाला जातीमुळे, धर्मामुळे किंवा स्त्री-पुरुष भेदामुळे मज्जाव करता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. एवढ्या थोर ग्रंथात हॉटेलाचा उल्लेख कशाला, असं आमचे विद्यार्थी विचारायचे. आम्ही म्हणायचो, अपमान जिथे व्हायचा, त्या जागेचं नाव घेऊनच तो थांबवावा लागतो.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. टेबल आपल्याला कायद्यानं दिलं, आणि कायदा लढ्यानं दिला. पण इथे थांबता येत नाही. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'वरच्या आपल्या प्रबंधात बाबासाहेबांनीच बजावलं होतं, की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. एका पंगतीत बसून उठलेली माणसं घरी जाऊन पुन्हा आपापल्या भिंतींआड राहू शकतात. म्हणजे शेजारी बसणं वेगळं आणि सोबत जेवणं वेगळं. मग सोबत जेवणं म्हणजे काय?

अ‍ॅरिस्टॉटल मैत्रीची चर्चा करताना त्याच्या काळच्या एका म्हणीचा आधार घेतो. तिचा आशय असा, की दोघांनी मिळून पुरेसं मीठ संपवल्याशिवाय एकमेकांची ओळख पटत नाही. विचार करा, मीठ चिमटीनं लागतं. ते पुरेसं संपायचं तर किती जेवणं व्हावी लागतील! मैत्रीला वेळ लागतो, हे त्याला सांगायचं आहे.

आता आपल्या मराठीतलं मीठ पाहा. 'खाल्ल्या मिठाला जागणं' असं आपण म्हणतो. हे मीठ चाकरानं धन्याचं खाल्लेलं आहे. त्यात देणारा वर आहे, खाणारा खाली आहे, आणि खाणाऱ्यावर ओझं आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं मीठ बरोबरीच्या दोघांनी मिळून खाल्लेलं आहे. मीठ तेच, पण एक माणसाला मिंधं करतं आणि दुसरं माणसाला मित्र करतं. हा फरक हातात धरून ठेवा, बिलाच्या वेळी तो लागणार आहे.

दरम्यान तो कोरियन वाडगा निवतोय. त्याच्याकडे वळू. नवीन पिढीला तो मालिकांमधून आणि गाण्यांमधून भेटला. पण तो वाटतो तितका परका नाही. कोरियन भाषेत घरच्या माणसाला 'शिक्कू' असा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ, खाणारं तोंड. आपल्याकडेही विचारतातच ना, "घरात खाणारी तोंडं किती?" तिकडे गहू कमी पिकायचा, म्हणून गव्हाच्या शेवया सणासमारंभालाच व्हायच्या. लग्नाच्या पंगतीतल्या शेवयांना 'जान्ची-गुक्सू' म्हणतात. त्यामुळे तिथे लग्नाच्या वयाच्या मुलाला विचारतात, शेवया कधी खाऊ घालतोस? आपण विचारतो, लाडू कधी देतोस? युद्धानंतर अमेरिकेचा गहू मदत म्हणून आला, १९६३ मध्ये तिथे पाकिटातल्या झटपट नूडल्स निघाल्या, आणि समारंभाचा पदार्थ रोजचा झाला. त्याच नूडल्सला 'राम्यॉन' म्हणतात.

कोरियन जेवणात भात-रस्सा प्रत्येकाचा वेगळा असतो, पण तोंडीलावण्याच्या वाट्या मधोमध ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्यावर बाकीचे सुरू करतात. पेय स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायचं नाही, शेजाऱ्याचा पेला आपण भरायचा. म्हणजे तुमची तहान शेजाऱ्याच्या लक्षात यायला हवी. आता तिकडेही माणसं एकेकटी राहू लागली आणि एकट्यानं जेवण्याला 'होन्बाप' हा नवा शब्द आला. ज्या अर्थी वेगळा शब्द लागला, त्या अर्थी सोबत जेवणं हीच तिथली रीत होती. ऋग्वेदातल्या दानसूक्तातही एकट्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवलंय. (जाता जाता शाकाहारी मित्रांसाठी: या रश्शाचा पाया पुष्कळदा सुक्या मासळीचा किंवा मांसाचा असतो. आधी विचारून घ्या.)

आता बिल. तरुण मंडळींत 'टीटीएमएम' चालतं, तू तुझं, मी माझं. आमच्या वयाची माणसं याला नाकं मुरडतात. आम्हांला ते पटत नाही. मुलीनं स्वतःचे पैसे स्वतः दिले, हॉस्टेलवरच्या मुलानं स्वतःचा वाटा उचलला, की कुणी कुणाच्या मिठाचं बांधील राहत नाही. मिंधेपण संपवणारी ही पद्धत आहे. तिचा मान ठेवला पाहिजे.

पण आणखी एक पद्धत आहे, तिच्याकडे आम्ही संशयानं पाहतो. एकूण बिल भागिले माणसं. वरवर ही शुद्ध समता. आमच्यासारख्या निवृत्तांच्या गटात काय होतं पाहा. कुणाला पूर्ण पेन्शन, कुणी विनाअनुदानित शाळेत हयात घालवलेला, त्याला पेन्शनच नाही. सगळ्यांचा भागाकार सारखा. मग एखादा मित्र फक्त सूप मागवतो. पुढच्या वेळी म्हणतो, "आजकाल पित्त होतं बा." त्यानंतर तो येतच नाही. कुणी त्याला दारातून परत पाठवलं नाही, घटनेचं कोणतंही कलम मोडलं नाही. तरी तो टेबलावरून उठवला गेला आहे. प्रत्येक गटात असा एक मित्र असतो. तुमच्या गटातला कोण, हे आठवून पाहा.

यावर उपाय दया नव्हे. "तुझं आम्ही देतो" म्हटलं की ते पहिलं मीठ परत आलं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, तक्रारी आणि हिशोब होतात ते मुख्यतः उपयोगापुरत्या मैत्रीत. खऱ्या मैत्रीत देण्याचं माप रकमेवर नसतं, देणाऱ्याच्या मनावर असतं. याचा व्यवहारात अर्थ आम्ही असा लावतो: रुपये सारखे नकोत, पाळी सारखी हवी. ज्याची पाळी, त्यानं जागा ठरवायची आणि सगळ्यांचे पैसे त्यानंच द्यायचे. एखादा सदरच्या रेस्टॉरंटात नेईल, एखादा कोरियन नूडल्स खिलवील, एखादा गाडीवर तर्री-पोहे देईल. प्रत्येक जण एकदा यजमान आणि बाकीच्या वेळी पाहुणा. पोहे देणाऱ्याची पाळी नूडल्स देणाऱ्याच्या पाळीपेक्षा तसूभर कमी नाही. फक्त तिथे कुणी "आज पोह्यांवरच भागवलं का?" असा विनोद करायचा नाही.

कायद्यानं दार उघडलं, आतलं टेबल मात्र आपणच मांडायचं आहे. तेव्हा या आठवड्यात एक फोन करा, त्या पित्तवाल्या मित्राला. सांगा, पुढची पाळी तुझी, जागा तू ठरव. तो कुठेही म्हणो, सगळ्यांनी जायचं.