हरवलेली अश्वशक्ती : जुन्या सेदानमधील सौम्य सुधारणांचे शास्त्र

इंजिन, प्रवासी आणि सामान यांच्यासाठी तीन वेगळे खण असलेल्या मोटारीला सेदान म्हणतात, आणि 1994 साली बाजारात आलेली मारुती एस्टीम ही त्या काळातील भारतीय मध्यमवर्गाची प्रातिनिधिक सेदान होती. 1990 साली आलेल्या मारुती 1000 या गाडीच्या सांगाड्यात 1298 सीसीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे सुमारे 65 अश्वशक्तीचे इंजिन बसवून ती घडवण्यात आली होती. 1999 साली याच आकारमानाच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे दोनऐवजी चार व्हॉल्व्ह मिळाले, पेट्रोल मोजून फवारणारी एमपीएफआय यंत्रणा जोडली गेली, आणि ताकद 85 अश्वशक्तीवर गेली. सिलिंडरचा व्यास 74 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 75.5 मिलिमीटर एवढीच राहिली असतानाही 20 अश्वशक्ती वाढली, कारण इंजिनाला हवा आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे सोपे झाले. जुन्या गाडीच्या सौम्य सुधारणांमागील मूलतत्त्वही हेच आहे.

येथे ‘सौम्य’ म्हणजे इंजिन न उघडता, टर्बो न लावता आणि हवे तेव्हा मूळ स्थितीत परतता येईल अशा रीतीने केलेले बदल. इंजिन किती ताकद देणार हे एका आवर्तनात त्यात किती वजनाची हवा शिरते यावर ठरते, आणि हवा दाबून भरणारी यंत्रणा नसलेल्या इंजिनात ही मर्यादा वातावरणाच्या दाबानेच घातलेली असते. त्यामुळे अशा बदलांतून मिळणारी वाढ थोडीच असते. मात्र वीस-पंचवीस वर्षे धावलेल्या गाडीने झिजेमुळे आणि हेळसांडीमुळे गमावलेली ताकद बहुधा त्या वाढीहून मोठी असते. म्हणूनच सुधारणेचा पहिला टप्पा म्हणजे दुरुस्ती.

आधी गळती शोधणे

‘गाडीला पिकअप नाही’ या गॅरेजमधील नेहमीच्या तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात, आणि त्यांचा शोध कॉम्प्रेशन चाचणीपासून घेणे योग्य ठरते. या चाचणीत स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबू शकतो हे पाहिले जाते, आणि एकूण आकड्याइतकाच चार सिलिंडरांमधील फरकही महत्त्वाचा मानला जातो. दाब कमी आढळलेल्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर तो वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता असते, आणि वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे वळतो. कॉम्प्रेशन ठीक असेल तर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतील फट, तसेच प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टरची स्वच्छता, क्लच प्लेटचे घसरणे आणि चाकाला चिकटून राहणारे ब्रेक यांची तपासणी क्रमाने करता येते.

याच टप्प्यावर भारतीय गॅरेजांतील एक जुनी सवय विचारात घ्यावी लागते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. थर्मोस्टॅट हा कूलंटचा मार्ग तापमानानुसार उघडणारा आणि बंद करणारा छोटा व्हॉल्व्ह आहे. तो नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, आणि एमपीएफआय गाडीतील ईसीयू, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा संगणक, इंजिन अजून थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल फवारत राहतो. परिणामी ॲव्हरेज घटते, प्लग काळे पडतात आणि पीयूसी चाचणीत अडचण येते. अशा गाडीत महागडा फिल्टर बसवण्यापूर्वी थोड्या खर्चात नवा थर्मोस्टॅट घालणे हीच खरी सुधारणा ठरते.

हवेचा हिशेब

दुरुस्तीनंतर येणारा प्रश्न हवेचा आहे. हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून बॉनेटखालील 60 अंश सेल्सिअसची हवा बाहेरच्या 35 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे साडेसात टक्के विरळ असते. मूळ फिल्टरचा डबा काढून इंजिनाच्या शेजारी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावल्यास हवेची वाट मोकळी होते, पण आत येणारी हवा गरम असल्याने लाभातील बराच भाग पुन्हा गमावला जातो. त्यापेक्षा मूळ डबा ठेवून त्याची नळी रेडिएटरच्या पुढील थंड हवेपर्यंत नेणे, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरील पाणी त्या नळीतून आत खेचले जाणार नाही एवढ्या उंचीवर तिचे तोंड ठेवणे, अधिक शहाणपणाचे आहे. घनतेचा हाच नियम घाट चढतानाही प्रत्ययास येतो, कारण सुमारे 1350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरात हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 12 टक्के विरळ असते आणि इंजिनाची कमाल ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते.

धूर बाहेर जाण्याच्या बाजूला दोन प्रकारचे बदल केले जातात. पहिल्यात कास्टिंगच्या आखूड मॅनिफोल्डऐवजी हेडर्स बसवतात, म्हणजे चारही सिलिंडरांच्या समान लांबीच्या नळ्या पुढे एकत्र आणतात, जेणेकरून एका सिलिंडरच्या धुराची लाट दुसऱ्याला अडवण्याऐवजी ओढून घेईल. दुसऱ्यात कमी अडथळ्याचा फ्री-फ्लो सायलेन्सर लावला जातो. नळीचा व्यास अवाजवी वाढवला तर धुराचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमवरील टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, घटतो. शहरात आणि भरलेल्या गाडीने घाट चढताना याच जोराची सर्वाधिक गरज असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे मात्र सुधारणेत मोडत नाही. विषारी वायूंचे रूपांतर करणारे हे उपकरण एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले, आणि ते काढल्यास प्रदूषणाबरोबर कायद्याचा भंगही पदरी येतो.

हवा वाढली तरी पेट्रोल त्या प्रमाणात मिळाले पाहिजे. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दुरुस्त करत राहतो. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ईसीयू आधीच नोंदलेल्या तक्त्यानुसार चालतो, आणि तो तक्ता न बदलता केलेल्या बदलांचा पूर्ण लाभ मिळत नाही. सध्याच्या 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलने या गणितात आणखी एक घटक आणला आहे. प्रतिलिटर ऊर्जा सुमारे सहा ते सात टक्के कमी असल्याने ॲव्हरेज घटते, ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण विरळ होते, आणि जुन्या रबरी नळ्या व सील तडकण्याचा धोका वाढतो. म्हणून इंधनाच्या नळ्या बदलणे हे जुन्या गाडीचे प्राथमिक काम मानले पाहिजे.

थांबणे आणि वळणे

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 80 वरून 100 किलोमीटर वेग गेला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा 56 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ताकदीआधी ब्रेकचा विचार करणे हा शिष्टाचार नसून भौतिकशास्त्राचा आग्रह आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; नव्या डॉट-4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तो किमान 155 अंश धरला जातो. बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये असे जुने ऑइल उकळले तर वाफेमुळे पेडल खाली बसते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे, चांगल्या दर्जाचे पॅड लावणे आणि मागील ड्रमची योग्य जुळणी करणे एवढ्यानेही फरक जाणवतो.

टायरच्या बाबतीत गणित आणखी स्पष्ट आहे. एस्टीमच्या काही आवृत्त्यांना असलेल्या 175/70 आर13 मापाच्या टायरचा बाहेरील व्यास सुमारे 575 मिलिमीटर भरतो. त्याऐवजी 185/60 आर14 घेतल्यास व्यास सुमारे 578 मिलिमीटर होतो, म्हणजे फरक नगण्य राहून रस्त्यावरील पकड वाढते. परंतु 185/65 आर14 घेतल्यास तो 596 मिलिमीटर होतो, गियर जणू साडेतीन टक्क्यांनी लांबतात, पिकअप घटतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. शॉकॲब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात, आणि सस्पेन्शनचे रबरी बुश बदलल्यावर जुन्या गाडीचे वळण नव्यासारखे होते. गाडी बुटकी करणाऱ्या आखूड स्प्रिंगा मात्र खड्डे आणि गतिरोधक यांच्या प्रदेशात तोट्याच्याच ठरतात.

कायदा आणि मोजमाप

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. झिजलेले भाग बदलणे या कक्षेत येत नाही. कर्कश सायलेन्सर आणि न कळवता बदललेले इंजिन मात्र येते. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी हा भेद विशेष जाणवतो.

शेवटी, कोणत्याही बदलाचा निवाडा मोजूनच करावा लागतो. एका वेळी एकच बदल करून, मोकळ्या सपाट रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून, तिसऱ्या गियरमध्ये ताशी 40 वरून 70 किलोमीटरला पोहोचण्याचा वेळ दोन्ही दिशांनी अनेकदा नोंदवला, आणि टाकी काठोकाठ भरून ॲव्हरेज काढले, तर पैसे कुठे सार्थकी लागले हे वहीत स्पष्ट दिसते. अशा वहीत थर्मोस्टॅट, टॅपेट आणि क्लच प्लेट यांच्यासमोरचे आकडे बहुधा फ्री-फ्लो सायलेन्सरसमोरच्या आकड्यांपेक्षा मोठे निघतात, कारण सायलेन्सर बदलल्यावर वाढतो तो प्रामुख्याने आवाज, आणि कानाला वेगवान वाटणारी गाडी घड्याळालाही तशी वाटेलच असे नाही.