द्रुतगती मार्गावरील मोटार : वेग, निगा आणि दक्षता

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार परिसराला समृद्धी महामार्गाने थेट नागपूर आणि मुंबईशी जोडले आहे. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी, तर इगतपुरीच्या पुढील अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी वाहतुकीस खुला झाला. गावच्या रस्त्यावर जेमतेम पन्नासच्या वेगाने धावणारी मोटार येथे काही मिनिटांतच तासाला 120 किलोमीटर कमाल वेगमर्यादेच्या मार्गावर येते. वाहन तेच असले तरी त्याच्यावरील ताण मात्र अनेक पटींनी वाढलेला असतो. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला झालेल्या भीषण अपघातात 25 प्रवासी प्राणास मुकले. वेगाबरोबर जबाबदारीही वाढते, याची ही दुःखद जाणीव होय.

वेगाचे गणित

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर मोटार थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. कोरड्या रस्त्यावर 60 च्या वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर साधारणतः 20 मीटरमध्ये थांबत असेल, तर 120 च्या वेगात तिला 80 मीटर लागतात. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात ती 33 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखणे अत्यावश्यक ठरते.

टायरची तपासणी

टायरमध्ये हवा कमी असल्यास त्याच्या बाजू सतत दबतात व सुटतात. या घर्षणाने टायर आतून तापतो आणि उन्हाळ्यात, भरधाव वेगात, फुटण्याचा संभव वाढतो. हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. योग्य दाब किती, हे चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर किंवा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झालेला, भेगा किंवा फुगवटा आलेला टायर बदलावा. ब्रेकचे तेल, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि दिवे यांचीही पाहणी करावी. मागील आसनावरील प्रवाशांनीही पट्टा बांधणे आवश्यक आहे.

मोटार बंद पडल्यास

वाहन डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत आणि मागे किमान 50 मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. प्रवाशांनी मोटारीत बसून न राहता कठड्यापलीकडे उभे राहावे. मदतीसाठी 112, तर रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

द्रुतगती मार्गावर दोराने मोटार ओढण्याचा मोह टाळून क्रेनच बोलवावी. इतर रस्त्यांवर ओढणे भागच पडले, तर दोन वाहनांतील अंतर 5 मीटरहून अधिक आणि वेग तासाला 25 किलोमीटरहून अधिक असू नये. इंजिन बंद असल्याने ब्रेकला मिळणारे साहाय्य थांबते व सुकाणूही जड होते. त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या मोटारीत जाणता चालक हवा. किल्ली फिरवून सुकाणूचे कुलूप उघडलेले आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा. स्वयंचलित गिअरची मोटार मात्र उचलूनच न्यावी.

सरळ, एकसुरी मार्गावर चालकाचे लक्ष नकळत मंदावते. दर दोन तासांनी घेतलेली अल्प विश्रांती प्रवास थोडा लांबवते; पण घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने तो वेळ सत्कारणीच लागलेला असतो.