एकाच फ्रेमवर दोन चित्रं

फिल्मवर उमटलेलं चित्र पुसता येत नाही, पण त्यावर दुसरं चढवता येतं. यालाच डबल एक्स्पोजर म्हणतात. मॅन्युअल कॅमेरा हाती असेल, तर हा प्रयोग जरूर करावा.

निकॉन एफएम२ मध्ये यासाठी वेगळी छोटी खिट्टी असते. ती ओढून धरून लिव्हर फिरवला, की शटर पुन्हा सज्ज होतं आणि फिल्म जागेवरच राहते. अशी सोय नसलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फिल्म गुंडाळायची कळ हलकेच ताणून घट्ट धरावी, तळाचं बटण दाबावं आणि मग लिव्हर फिरवावा. फिल्म किंचित सरकू शकते, तेवढं गृहीत धरावं.

दोन वेळा प्रकाश पडणार, म्हणून प्रत्येक वेळी तो निम्माच द्यायचा. १०० आयएसओची फिल्म असेल, तर मीटर २०० वर ठेवावा. नंतर तो आठवणीने परत १०० वर आणावा.

खरी गंमत सावलीत आहे. पहिल्या चित्रात जिथे अंधार असतो, तिथेच दुसरं चित्र ठसठशीत उमटतं. संध्याकाळच्या उजळ आकाशासमोर कुणाला तरी बाजूने उभं करा. चेहरा पूर्ण काळा दिसू द्या. मग त्याच फ्रेमवर पिंपळाची पानं टिपा. आकाश आधीच पांढरं झालेलं असल्याने पानं तिथे विरून जातात आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फक्त चेहऱ्यात भरतात. पानांच्या शिरासुद्धा दिसतात.

निकाल रोल धुतल्यावरच कळतो. म्हणून प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत ठेवा. पुढचा रोल त्या नोंदींमुळेच सुधारतो.