विद्यापीठाचा संघ आणि त्याचे चाहते



आपल्याकडे दोन कॉलेजांचा सामना असला, की तो पाहायला कोण जाते? खेळाडूंचे मित्र, खेळाची आवड असलेला एखादा प्राध्यापक आणि झाडाखाली टेकलेले चार वाटसरू. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ आपल्या मैदानावर उतरतो, तेव्हा मात्र ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसे लाल कपडे घालून हजर असतात. त्यांतील पुष्कळांनी त्या विद्यापीठाची एकही परीक्षा दिलेली नसते. ही माणसे एका शिक्षणसंस्थेच्या संघात एवढा जीव का गुंतवतात, आणि त्यांच्या या निष्ठेचे काही ऋण त्या संस्थेवर असते का, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा नावापुरताच पायाचा खेळ. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचे, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन अडवायचे. विद्यापीठांतील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, असे मानतात. त्याचे स्वरूप आजच्याहून फारच निराळे होते. व्यावसायिक संघांची मोठी संघटना निघाली ती १९२० मध्ये. म्हणजे तब्बल पन्नास वर्षे हा खेळ मुख्यतः विद्यापीठांच्या अंगणात वाढला.

नेब्रास्का विद्यापीठाची स्थापनाही १८६९ चीच. १८६२ च्या एका कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या आधारावर शेती व यंत्रविद्या शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. नेब्रास्का विद्यापीठ त्यांपैकी एक. बियाणे, गुरे, जमिनीचा कस यांविषयी शेतकऱ्याला सल्ला मिळे तो याच विद्यापीठाकडून. ज्याचा मुलगा तेथे शिकला नाही, त्यालाही ते परके वाटले नाही. संघाचे नावदेखील 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे! राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास, आणि व्यावसायिक फुटबॉलचा अव्वल संघ तेथे नाही. लिंकन शहरातील मैदान १९२३ मध्ये उभे राहिले, तेही युद्धांत पडलेल्यांचे स्मारक म्हणून. शेती, स्मरण आणि खेळ असा हा तिपेडी दोर आहे. तो सहजासहजी तुटत नाही.

न तुटण्याचा पुरावा पाहा. नोव्हेंबर १९६२ पासून या मैदानावरील फुटबॉल सामन्यांची तिकिटे सतत संपत आली आहेत. संघ जिंकत होता तोवर यात नवल नव्हते. १९७० ते १९९७ या काळात त्याने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. परंतु २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे त्याचे पराभव विजयांहून अधिक झाले, तरीही परंपरा टिकली. काही वेळा शिल्लक तिकिटे देणगीदारांनी घेतली हे खरे. पण हरणाऱ्या संघाची तिकिटे उचलायला देणगीदार पुढे येतो, यातच सारे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये याच मैदानावर मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा सामना झाला, तेव्हा ९२,००३ माणसे जमली होती.

ही निष्ठा नेमकी कोणावर? खेळाडूंवर म्हणावे, तर ते चार-पाच वर्षांत निघून जातात. प्रशिक्षकही बदलतात. मागे उरतो तो रंग, ती जागा, आणि दरवर्षी त्याच बाकावर शेजारी येऊन बसणारी माणसे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघासाठी घसा बसवून घेणाऱ्या पेठकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. संघ हे निमित्त. चाहता जपतो ते आपल्या माणसांतले आपले स्थान.

याच निष्ठेला एक नीतीही असते. जानेवारी १९८४ मध्ये अजिंक्यपदासाठी नेब्रास्काचा सामना मायामीशी होता. शेवटच्या मिनिटात नेब्रास्का एका गुणाने मागे होते. चेंडूला सोपी लाथ मारून एक गुण मिळविला असता, तर सामना बरोबरीत सुटून अजिंक्यपद बहुधा पदरात पडले असते. प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांनी ते नाकारले. त्यांनी दोन गुणांचा अवघड डाव खेळला, तो फसला, आणि संघ ३१ विरुद्ध ३० असा हरला. त्या पराभवाने ऑसबोर्न यांची प्रतिष्ठा कमी न होता वाढलीच. तेथील प्रेक्षक पाहुण्या संघाला, तो जिंको वा हरो, मैदान सोडताना टाळ्या देतात. आणि मैदानाच्या भिंतीवर त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञ हार्टले बर अलेक्झांडर यांची जी वचने कोरली आहेत, त्यांतील एकाचा आशय असा, की गौरव विजयात नसून कृतीत आहे. गीता वाचलेल्या आपल्या श्रोत्यांना हा विचार नवा वाटू नये.

आता दूरच्या चाहत्याकडे वळू. जवळच्याला बाक असतो, शेजार असतो, गावाचा उत्साह असतो. दूरच्याला हे सारे स्वतः निर्माण करावे लागते. याचे मोठे उदाहरण इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे. १९२० नंतरच्या दशकांत त्याचा संघ न्यूयॉर्कला लष्करी अकादमीशी खेळायला येई, तेव्हा आयरिश, इटालियन, पोलिश कामकरी माणसे भुयारी रेल्वेने मैदानावर लोटत. त्यांना 'भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी' असे नावच पडले! ज्या समाजात आपल्या धर्माकडे संशयाने पाहिले जाते, तेथे आपल्या लोकांचा संघ जिंकतो, याचे मोल त्यांना ठाऊक होते. आणि लिंकनला शिकून पुण्यास परतलेल्या एखाद्या मराठी पदवीधराचा विचार करा. ऑक्टोबरात तिकडे सकाळी अकराला सुरू होणारा सामना त्याला शनिवारी रात्री साडेनऊला पाहावा लागतो. संध्याकाळी साडेसहाचा असेल, तर रविवारी पहाटे पाचला उठावे लागते. शेजारी कोणी लाल सदरा घातलेला नसतो. तरीही तो उठतो, कारण तेवढा वेळ तो पुन्हा तेथला होतो.

तथापि निष्ठा आंधळी झाली, की काय होते हेही सांगितले पाहिजे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एका माजी साहाय्यक प्रशिक्षकावर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप आले. २०१२ मध्ये तो दोषी ठरला. नोव्हेंबर २०११ मध्ये याच प्रकरणी मुख्य प्रशिक्षकाला काढले, तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी दूरचित्रवाणीची गाडी उलथवली. त्यांचा संताप पीडित मुलांसाठी नव्हता. आपलेपणाने डोळे असे झाकले, तर ती निष्ठा न राहता मूर्तिपूजा होते.

दुसरा धोका बाजाराचा. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीच्या हक्कांवरील मध्यवर्ती संघटनेचे नियंत्रण मोडले, आणि पैशाचा ओघ सुरू झाला. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९७१ चा ३५ विरुद्ध ३१ असा नेब्रास्काने जिंकलेला सामना शतकातील सामना म्हणून ओळखला जातो. २०११ मध्ये नेब्रास्का 'बिग टेन' या गटात गेले आणि एका गटातील त्यांचे नाते संपले. २०२४ पासून त्या 'टेन'मध्ये अठरा विद्यापीठे आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेली! खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. यात मला गैर वाटत नाही. डोक्याला मार बसतो तो त्यांच्या, मग मोबदला त्यांना का नसावा? पण शेजाऱ्याशी असलेली जुनी चुरस प्रक्षेपणाच्या पैशासाठी मोडली, तिची भरपाई चाहत्याला कोण देणार?

संस्थांनी एक गोष्ट ओळखली पाहिजे. पराभवाच्या वर्षांतही बाकावर येऊन बसणारा माणूस हे त्यांचे उत्पन्न नव्हे; ती त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. उत्पन्न खर्च करण्याची मुभा असते. ठेव मात्र सांभाळावी लागते, आणि मागणाऱ्याला तिचा हिशेब द्यावा लागतो. चाहत्यानेही तो मागण्याइतके डोळे उघडे ठेवावेत. हरणाऱ्या संघाबरोबर राहण्यात त्याची निष्ठा दिसते. चुकणाऱ्या संस्थेला जाब विचारण्यात ती पूर्ण होते.